बॅटरीचे दुसरे आयुष्य

प्रस्तावना

सुतार, विजेचे मिस्त्री, खिडक्या बसवणारे कारागीर यांच्या हाती आता बिनवायरचे ड्रिल यंत्र सर्रास दिसते. त्याच्या मुठीखालची बॅटरी काढता-घालता येते. पुष्कळदा यंत्राची मोटर जळते. बॅटरी मात्र धडधाकट राहते. ती भंगारात टाकावी, की तिच्याकडून दुसरे काम करून घ्यावे? या प्रश्नाचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• बॅटरीत साठलेल्या ऊर्जेचा हिशेब मांडता येईल;
• बॅटरीच्या पुनर्वापरातील धोके व त्यांवरील उपाय सांगता येतील.

मूळ पाठ

अशा बहुतेक बॅटऱ्यांत लिथियम-आयन जातीचे विद्युतघट असतात. या घटांच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या शास्त्रज्ञांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१८ व्होल्टच्या बॅटरीत सामान्यतः प्रत्येकी ३.६ व्होल्टचे पाच घट एकसर जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक घट ४.२ व्होल्टपर्यंत चढतो. म्हणजे बॅटरीवर १८ हा आकडा छापलेला असला, तरी प्रत्यक्षात २१ व्होल्ट मिळतात. १२ व्होल्टचा दिवा तिला थेट जोडला, तर तो जळून जाण्याची भीती असते. म्हणून मध्ये व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारा कन्व्हर्टर बसवावा लागतो.

आता हिशेब पाहू. बॅटरीवर ‘५ अँपिअर-तास’ असे लिहिले असेल, तर १८ गुणिले ५, म्हणजे ९० वॅट-तास ऊर्जा तिच्यात मावते. ९ वॅटचा एलईडी दिवा तिच्यावर दहा तास चालायला हवा. कन्व्हर्टरमधील घट आणि बॅटरीचे झालेले वय वजा केले, तरी सात-आठ तासांचा उजेड मिळू शकतो. वीज गेलेल्या रात्री अभ्यासाला किंवा भाजीच्या हातगाडीला तो पुरेसा आहे.

परंतु येथेच खरी सावधगिरी हवी. ड्रिल यंत्र हे बॅटरीचे गिऱ्हाईक असते, तसेच राखणदारही असते. बॅटरी फार उतरली की प्रवाह तोडण्याची व्यवस्था काही कंपन्या बॅटरीत न ठेवता यंत्रातच ठेवतात. अशी बॅटरी यंत्रापासून वेगळी केली, की राखणदार मागे राहतो. दिवा मात्र प्रवाह ओढतच राहतो. घट २.५ व्होल्टच्याही खाली गेला, तर आतून बिघडतो. पुढे तो चार्ज करताना आग लागू शकते.

म्हणून हरवलेला राखणदार आपण पुन्हा नेमला पाहिजे. व्होल्टेज १५ वर येताच प्रवाह तोडणारे साधन जोडावे. धन टोकाजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज घालावा. बॅटरी तिच्या मूळ चार्जरवरच चार्ज करावी. तिचे कवच उघडू नये. फुगलेली, भिजलेली किंवा आपटलेली बॅटरी वापरू नये. ही जोडणी जाणकाराच्या देखरेखीखालीच करावी.

हे दुसरे आयुष्यही कधीतरी संपतेच. २००१ सालचे बॅटरीविषयक नियम केवळ शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरते होते. ‘बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२’ लिथियम बॅटऱ्यांनाही लागू आहेत. त्यांनुसार निकामी बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि त्या घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळ्या देणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे. टाकाऊतून टिकाऊ करण्याची हौस आणि वस्तू वेळीच सोडून देण्याचा विवेक, दोन्ही जवळ असतील तरच ही काटकसर सुरक्षित ठरते.

पाठगत प्रश्न

१. १८ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर २१ व्होल्ट का देते?
२. लेखकाने ड्रिल यंत्राला ‘राखणदार’ का म्हटले आहे?
३. २ अँपिअर-तासांच्या १८ व्होल्ट बॅटरीत किती वॅट-तास ऊर्जा मावेल?

भाषाभ्यास

‘घट’ या शब्दाचे पाठात आलेले दोन अर्थ शोधा व प्रत्येकाचा स्वतंत्र वाक्यात उपयोग करा.