हेमंतातील गावतळे
(निसर्गाभ्यास : इयत्ता चौथी व पाचवीस शिकविणाऱ्या शिक्षकांकरिता)

कार्तिक सरून मार्गशीर्ष लागला म्हणजे नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या शिवारात रब्बीची ज्वारी डोलू लागते. पहाटे गवतावर दव पडते आणि तळ्याच्या पाण्यावरून पांढरी वाफ उठताना दिसते. पावसाळ्यात ज्या काठावर बेडकांचे ओरडणे रात्रभर चाले, तो काठ आता मुका असतो. तळे झोपी गेले, असे मुलांस वाटते. वस्तुतः तळ्याच्या रहिवाशांची हीच निकडीची वेळ असते.

थंड देशांतील तळी हिवाळ्यात गोठतात. पाणी चार अंश सेल्सिअस तापमानास सर्वांत जड असते. त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वर राहते व तेथेच त्याचा बर्फ बनतो. त्या बर्फाच्या झाकणाखाली मासे हिवाळा काढतात. मराठवाड्यात पारा इतका खाली उतरत नाही. म्हणून येथील तळे गोठत नाही. येथील जीवांस खरे भय आहे ते पुढे येणाऱ्या कोरड्या उन्हाळ्याचे. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो व त्यानंतर पाण्याची कड दिवसेंदिवस आत सरकत जाते. म्हणून या तळ्यांतील तयारी हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यासाठीच अधिक असते.

बेडकाने पावसाळ्यात किडे खाऊन शरीरात चरबी साठविलेली असते. जमीन ओली आहे तोवर तो मागच्या पायांनी माती उकरून आत शिरतो. तेथे तो हालचाल करीत नाही, खात नाही. ओलसर त्वचेतून मिळणारा थोडा प्राणवायू त्यास पुरतो. खेकडा काठाच्या चिखलात खोल बीळ करतो. तळ्यातील मोठी गोगलगाय पाणी आटू लागताच चिखलात रुतून बसते आणि शंखाचे तोंड आपल्या कठीण झाकणीने घट्ट बंद करून घेते. मरळ मासा कल्ल्यांबरोबरच वर येऊन हवाही घेऊ शकतो. त्यामुळे पाणी अगदी थोडे उरले तरी तो काही काळ तग धरतो. चिखलात राहणारे मऊ पाठीचे कासवही दुष्काळात गाळात स्वतःस पुरून घेते.

कमळाची पाने या दिवसांत पिवळी पडून कुजू लागतात. परंतु गाळातील कंद जिवंत असतो. कमळाच्या बियांचे सामर्थ्य त्याहून विलक्षण आहे. चीनमधील एका आटलेल्या सरोवराच्या गाळात सुमारे तेराशे वर्षांची जुनी बी सापडली व ती रुजलीही. नांदेड जिल्ह्यातील कंधारचा जगत्तुंग सागर हा तलाव राष्ट्रकूटकालीन आहे. ‘जगत्तुंग’ हे राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद (इ. स. ७९३ ते ८१४) याचे बिरुद होते. त्याच्या काळी जगात कोठेतरी गाळात पडलेले कमळाचे बीज आज अंकुर धरू शकते, हे सांगितल्यास मुलांस ‘बीज’ या शब्दाचा अर्थ नव्याने कळेल.

काही रहिवासी गाळात न शिरता प्रवास पत्करतात. पावसाळ्याअखेर शेतांवर थव्यांनी उडणारा पिवळसर चतुर हा त्यांपैकी एक. तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येच्या वाऱ्याबरोबर भारतातून मालदीवमार्गे आफ्रिकेकडे जात असावा, असे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये प्रतिपादन केले. याच सुमारास उत्तरेकडून पाहुणे येतात. काठावर शेपटी हलवीत चालणारा धोबी पक्षी गावोगाव दिसतो. जायकवाडीच्या नाथसागरावर उतरणारा पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतो. जो ऋतू त्याच्या मायदेशी बर्फाचा, तोच आपल्याकडे त्याच्या आश्रयाचा ठरतो.

हा सर्व संसार एका गोष्टीवर अवलंबून आहे : तळ्याच्या तळाशी ओल राहिली पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे पालकांच्या स्मरणात आहे. माणसासाठी आगगाडी आली. गाळातील बेडकासाठी कोणतीही गाडी येत नाही. तळ्यातील गाळ काढणे आवश्यक आहे. गाळ निघाल्याने पाणी अधिक साठते व तो गाळ शेतास उपयोगी पडतो. परंतु सगळे तळे एकदम खरवडून काढल्यास गाळात दडलेले जीवही त्याबरोबर जातात. म्हणून गाळ भागाभागाने काढावा आणि एखादा खोल, ओलसर कोपरा न हलविता राखावा, हे शहाणपणाचे होय. तळे गावाचे खरे, परंतु गाव म्हणजे केवळ माणसे नव्हेत.

शिक्षकांस सूचना : वेळा अमावस्येस मुले घरच्या मंडळींबरोबर शेतात जातातच. त्यापूर्वी एक दिवस सकाळी वर्गास तळ्यावर न्यावे. मुलांस पाण्यात उतरू देऊ नये. पाण्याच्या कडेस एक खुंटी ठोकावी व दर आठवड्यास पाणी किती पावले मागे सरले ते वहीत लिहवून घ्यावे. खेकड्यांची बिळे मोजावीत, परंतु उकरू नयेत.

स्वाध्याय :
१. थंड देशांतील तळ्यावर बर्फ वरच्या बाजूस का बनतो?
२. आपल्या तळ्यातील जीव उन्हाळ्याची तयारी हेमंतातच का करतात?
३. बेडूक, गोगलगाय व मरळ यांच्या युक्त्यांतील फरक सांगा.
४. आपल्या गावचे तळे शेवटचे केव्हा आटले होते, ते घरातील वडीलधाऱ्यांस विचारून पाच ओळी लिहा.