वरातीच्या घोडीचा खाऊ

घोड्याला द्यायचा खाऊ त्याच्या पोटावरून ठरवावा, देणाऱ्याच्या हौसेवरून नव्हे. घोड्याचे जठर देहाच्या मानाने लहान, साधारण 8 ते 15 लिटरचे असते. चाऱ्यातले तंतू पुढे मोठ्या आतड्यात जिवाणूंमुळे आंबून पचतात. तिथे पीठ किंवा साखर एकदम गेली की वायू आणि आम्ल वाढते, पोटशूळ उठतो. कधी खुरांच्या आतला भाग सुजून जनावर कायमचे लंगडे होते. त्यातून घोड्याला उलटी करता येत नाही.

हे लग्नघरी कोणाला सांगावे? नवरदेव उतरला, मोतद्दार जेवायला बसला, तेवढ्यात प्रस्तुत लेखकाच्या घोडीला बुंदीचे लाडू आणि उरलेल्या पुऱ्या चारण्यात आल्या. काही तासांनी ती मान वळवून कुशीकडे पाहू लागली, पुढच्या पायाने जमीन उकरू लागली. थकली असेल, असे वाटले. मंडपामागे चाटून लख्ख केलेली पत्रावळ सापडली तेव्हा उलगडा झाला. तोवर ती लोळत होती आणि लीद थांबली होती. यजमानांचे म्हणणे एकच : “तोंड गोड केलं, विष नाही घातलं!” डॉक्टरांच्या बिलाचा विषय निघाला, तर लाडवांचा आणखी एक पुडा हाती आला.

घोडी वाचली. शांत उभ्या घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 28 ते 44 असतात. ते 60च्या वर गेले तर डॉक्टर येईपर्यंत तोंडात काहीही घालू नये, घरगुती काढाही नाही.

गाजर उभे चिरावे. गोल चकती अन्ननलिकेत अडकते आणि नाकातून लाळ व अन्न येऊ लागते. सफरचंदाच्या फोडी, कलिंगडाची साल चालते. गूळ सुपारीएवढाच. हरभरा भिजवलेला, आणि तो चंदीत धरावा, खाऊत नव्हे. कांदा, बटाटा, कोबी, चॉकलेट, मळलेली कणीक वर्ज्य. कण्हेरीची मूठभर पानेही जीव घेतात. खाऊ सपाट तळहातावर द्यावा. पाणी स्वच्छ असावे, हे वेगळे सांगायला नको.

इसार घेतानाच ‘घोडीला परस्पर काही चारायचे नाही’ असे लिहून घ्यावे आणि चिरलेल्या गाजरांची पिशवी आपणच न्यावी. त्या रात्रीचे बिल घोडीच्या मालकानेच भरले.