काळ्या वहीपासून काचेच्या पाटीपर्यंत

अमेरिकेच्या पश्चिम भागात सॉल्ट लेक सिटी आणि शायेन ही दोन शहरे आहेत. या दोन शहरांच्या मध्ये रॉकी पर्वताच्या उंच रांगा पसरलेल्या आहेत. १९३० च्या सुमारास टपालाच्या थैल्या घेऊन लहान विमाने या मार्गावरून ये-जा करीत. वैमानिक उघड्या कक्षात बसे. बोचरा वारा त्याच्या तोंडावर आदळे. त्याच्यापाशी विमानमार्गांचा नकाशा नसे. मोटारींच्या रस्त्यांचा एखादा नकाशा असला तर तेवढाच. खाली चकाकणारे लोहमार्ग, नद्यांची वळणे आणि ओळखीच्या टेकड्या हेच त्याचे वाटाडे. धुके उतरले की हे वाटाडे दिसेनासे होत. मग समोर मोकळे आकाश आहे की डोंगराचा कडा, हे सांगणारे कोणी नसे. या कामात अनेक धाडसी तरुणांनी आपले प्राण गमावले.

याच मार्गावर एलरे जेपेसन नावाचा एक वैमानिक टपाल नेत असे. आपले सहकारी एकामागून एक दगावत आहेत, हे पाहून तो अस्वस्थ झाला. त्याने दहा सेंट देऊन सुट्या पानांची एक लहानशी काळी वही विकत घेतली आणि तीत तो स्वतः पाहिलेल्या गोष्टी टिपून ठेवू लागला. कोणत्या गावी विमान उतरवण्याजोगे शेत आहे, त्या शेताची लांबी किती, त्याच्या कडेला झाडे आहेत की तारा, जवळची टेकडी किती उंच आहे, हे सारे तो रेखाटनांसह लिहून ठेवी. सुट्टीच्या दिवशी तो हाती उंचीमापक घेऊन टेकड्या चढे; प्रसंगी धुराड्यांवर आणि पाण्याच्या टाक्यांवरही चढे. वाटेवरील शेतकऱ्यांचे दूरध्वनी क्रमांकही त्याने वहीत लिहून ठेवले होते. उड्डाणापूर्वी त्यांना विचारले, की तिकडचे हवामान कसे आहे हे त्याला समजे.

ही वही इतर वैमानिकांच्या दृष्टीस पडली. प्रत्येकाला तिची प्रत हवीशी वाटू लागली. अखेर १९३४ साली जेपेसनने आपल्या घराच्या तळघरात प्रती काढून त्या विकण्यास आरंभ केला. एका वैमानिकाच्या काळ्या वहीतून विमानमार्गांच्या नकाशांचा एक मोठा व्यवसाय उभा राहिला. आपल्याकडेही हवाई टपालाचा आरंभ याच काळातला. १९३२ साली जे. आर. डी. टाटा एका लहान विमानातून कराचीहून टपाल घेऊन मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले होते.

विमानतळ वाढत गेले, तसतशी ती वहीही वाढत गेली. प्रत्येक विमानतळाचा आराखडा, धावपट्टीकडे उतरण्याच्या वाटा, बिनतारी संदेशांचे क्रमांक, वाटेतील मनोरे आणि डोंगर, या प्रत्येकाचे वेगळे पान झाले. शिवाय ही माहिती स्थिर राहत नाही. आज जेथे मोकळे रान आहे, तेथे उद्या उंच मनोरा उभा राहतो. म्हणून दर २८ दिवसांनी ठरलेल्या तारखेस महत्त्वाचे बदल अमलात आणावयाचे, अशी आंतरराष्ट्रीय पद्धत पडली. नवी पाने आली की जुनी काढून टाकावयाची आणि नवी त्यांच्या जागी लावावयाची, हे वैमानिकाचे एक कंटाळवाणे, पण अत्यंत आवश्यक काम होऊन बसले. एखादे जुने पान चुकून वहीत राहिले, तर ते एखाद्या दिवशी घातक ठरण्याचा संभव असे.

मोठ्या विमानातील वैमानिकांच्या कागदांच्या पिशवीचे वजन सुमारे १६ किलोपर्यंत जाई. लहान विमानातील वैमानिकाची अडचण निराळी असे. सेस्ना १७२ हे चार आसनी विमान घ्या. १९५० नंतरच्या दशकात निघालेले हे विमान जगभरातील शिकाऊ वैमानिकांच्या परिचयाचे आहे. त्याचा कक्ष एखाद्या लहान मोटारीएवढाच असतो. तेथे एकट्या वैमानिकाने एका हाताने विमान सांभाळावयाचे आणि दुसऱ्या हाताने मोठा नकाशा उलगडावयाचा! कागद कडेला सरकतो, पेन्सिल पायाशी पडते, आणि हवे ते पान नेमके मागील आसनावर राहिलेले असते. वैमानिकाची दृष्टी बाहेर आकाशाकडे असावयास हवी; ती कागदांत गुंतून पडणे हा स्वतःच एक धोका होता.

२०१० साली आयपॅड नावाचे उपकरण बाजारात आले आणि या अडचणीवर उपाय सापडला. हे उपकरण म्हणजे वहीच्या आकाराची काचेची एक पाटीच. अशा उपकरणांना टॅबलेट असे म्हणतात. काही लहान टॅबलेटांचे वजन जेमतेम ३०० ग्रॅम असते; तरीही एका संपूर्ण देशाचे हवाई नकाशे त्यांत सहज मावतात. वैमानिक हा टॅबलेट मांडीवर पट्ट्याने बांधतो, किंवा समोरच्या सुकाणूवर बसवतो. कृत्रिम उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवरून विमान कोठे आहे हे टॅबलेटला समजते, आणि नकाशावर विमानाचे एक लहानसे चित्र पुढे पुढे सरकू लागते. 'मी कोठे आहे?' या प्रश्नाने जेपेसनच्या काळी वैमानिकाच्या छातीत धडकी भरत असे. आज त्याचे उत्तर बोट दाखवताच मिळते. नव्या नकाशांसाठी पाने बदलत बसावे लागत नाही; घरून निघण्यापूर्वी ते काही मिनिटांत उतरवून घेता येतात.

मोठ्या कंपन्यांनीही हा मार्ग स्वीकारला. अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने २०१३ साली आपल्या विमानांतील जड पिशव्या काढून त्यांच्या जागी टॅबलेट दिले. केवळ वजन घटल्यामुळे वर्षाला सुमारे १५ लाख लिटर इंधन वाचेल, असा त्या कंपनीचा अंदाज होता.

मग कागदाचे काम संपले काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी या पाटीचे स्वभावदोषही जाणून घेतले पाहिजेत.

पहिला दोष उष्णतेचा. आयपॅडसारखी उपकरणे साधारणतः ३५ अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेली असतात. लहान विमानाच्या काचेतून ऊन सरळ आत येते. अशा उन्हात टॅबलेट फार तापला, तर तो स्वतःच्या रक्षणासाठी पडदा काळा करतो आणि थंड होईपर्यंत काम करीत नाही. दुसरा दोष विजेचा. घटातील वीज संपली की सारे नकाशे एकदम नाहीसे होतात. तिसरा दोष आज्ञावलीचा. २०१५ च्या एप्रिल महिन्यात वर उल्लेखलेल्या कंपनीच्या टॅबलेटांतील नकाशांची आज्ञावली एकाएकी बंद पडली. एका विमानतळाचा नकाशा संग्रहात चुकून दोनदा नोंदला गेला होता. तेवढ्या लहानशा चुकीने अनेक उड्डाणे खोळंबली.

चौथा दोष सर्वांत फसवा आहे. अनेक टॅबलेटांवर पावसाचे आणि वादळांचे रंगीत चित्र दिसते. ते पाहून, आपण या क्षणीचे आकाश पाहत आहोत, असे वैमानिकाला वाटते. परंतु ते चित्र अनेक केंद्रांकडून माहिती जमवून तयार होते, आणि या कामात वेळ जातो. अमेरिकेतील अपघातांची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने २०१२ साली वैमानिकांना इशारा दिला, की पडद्यावर चित्राचे जे वय लिहिलेले असते, त्याहून ते प्रत्यक्षात १५ ते २० मिनिटांनी अधिक जुने असू शकते. ताशी ४० किलोमीटर वेगाने सरकणारे वादळ १५ मिनिटांत १० किलोमीटर पुढे जाते. पडद्यावर दोन ढगांच्या मध्ये जी मोकळी वाट दिसते, ती प्रत्यक्षात केव्हाच बुजलेली असेल. म्हणून असे चित्र पाहून वादळाला दुरून वळसा घालावा, त्याच्या फटीतून वाट काढू नये, असे जाणते वैमानिक सांगतात.

आता एका प्रसंगाची कल्पना करा. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात विचिटा हे शहर आहे. तेथून उत्तरेस सुमारे १३० किलोमीटरांवर सलायना हे गाव आहे. उन्हाळ्यातील एका दुपारी विमानविद्येची एक विद्यार्थिनी लहान विमानातून एकटीच सलायनाकडे निघाली आहे. तिच्यासमोर टॅबलेट आहे. परंतु शिक्षकांच्या सांगण्यावरून तिने कागदी नकाशाही मांडीखाली ठेवला आहे. त्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे पाच किलोमीटर. आदल्या रात्री तिने त्यावर पेन्सिलीने २६ सेंटिमीटरांची रेघ आखली. विमान मिनिटाला तीन किलोमीटर जाईल असे धरून तिने दर दहा मिनिटांना, म्हणजे दर सहा सेंटिमीटरांवर, एक खूण केली.

वीस मिनिटे झाली. एवढ्यात टॅबलेटचा पडदा काळा झाला. सरकणारे विमान नाहीसे झाले. खाली दूरवर सारखीच दिसणारी सपाट शेते! क्षणभर तिच्या पोटात गोळा आला. पण तिने प्रथम विमान स्थिर ठेवले, होकायंत्राकडे पाहून दिशा बदललेली नाही याची खात्री केली, आणि मग नकाशा काढला. वीस मिनिटे म्हणजे साठ किलोमीटर. रेघेवरील दुसरी खूण. पुढे डाव्या हाताला मॅकफर्सन हे शहर आणि त्याच्या कडेने उत्तरेस जाणारा हमरस्ता दिसला पाहिजे. तिच्या हिशेबाने ते शहर सत्ताविसाव्या मिनिटाला यावयाचे होते; ते पंचविसाव्या मिनिटालाच आले. हिशेब चुकला नव्हता. दक्षिणेचा वारा पाठीमागून विमानाला पुढे ढकलत होता. तिने ती नोंद पेन्सिलीने नकाशावर केली आणि हमरस्ता डाव्या बाजूस ठेवून ती सलायनाकडे निघाली. पुढे टॅबलेट थंड होऊन पुन्हा सुरू झाला, तेव्हा त्यावरील विमान तिच्या पेन्सिलीच्या रेघेवरच उभे होते.

टॅबलेट टाकाऊ आहे, असा या प्रसंगाचा अर्थ नव्हे. परतीच्या प्रवासातही ती तो घेऊनच निघेल. मात्र तिचा भरवसा आता एकाच वस्तूवर राहणार नाही. अमेरिकेत लहान खाजगी विमानाच्या वैमानिकाला कागदाऐवजी टॅबलेट वापरण्याची मोकळीक आहे. परंतु उड्डाणापूर्वी आवश्यक ती सर्व माहिती करून घेण्याची जबाबदारी नियमाने वैमानिकावरच टाकली आहे. म्हणून सावध वैमानिक निघण्यापूर्वी नकाशे ताजे आहेत की नाहीत हे पाहतो, वीज पूर्ण भरून घेतो, टॅबलेट उन्हापासून जपतो, आणि दुसरा टॅबलेट किंवा आवश्यक तेवढे कागद जवळ बाळगतो.

एलरे जेपेसन १९९६ साली मरण पावला. त्याची काळी वही खिशात मावत असे. आजची काचेची पाटी मांडीवर मावते. त्या वहीतील प्रत्येक आकडा त्याने स्वतः तपासून लिहिला होता, म्हणूनच इतरांनी तिच्यावर विश्वास ठेवला. साधन कागदाचे असो वा काचेचे, तपासून पाहण्याचे काम माणसाकडेच राहते. ते काम ज्याने सोडले नाही, त्याला धुक्यातही वाट सापडते.

स्वाध्याय

१. जेपेसनने काळ्या वहीत कोणकोणत्या गोष्टी टिपून ठेवल्या? त्या त्याने कशा मिळवल्या?
२. लहान विमानाच्या कक्षात कागदी नकाशे वापरताना कोणत्या अडचणी येत?
३. पडद्यावरील वादळाचे चित्र फसवे का ठरू शकते, ते उदाहरण देऊन सांगा.
४. टॅबलेट बंद पडल्यावर विद्यार्थिनीने कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने केल्या? तो क्रम महत्त्वाचा का आहे?
५. एक सेंटिमीटर म्हणजे पाच किलोमीटर असे प्रमाण धरून, ९० किलोमीटरांच्या प्रवासाची रेघ किती लांबीची होईल? मिनिटाला तीन किलोमीटर वेगाने त्या प्रवासास किती वेळ लागेल?
६. 'पोटात गोळा येणे', 'छातीत धडकी भरणे' या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.