कमावलेला आवाज

हातकणंगले हे कोल्हापूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मिरज आणि कोल्हापूर यांना जोडणारा लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला, त्याच मार्गावर हे स्थानक लागते. मिरजेत भोपळ्याचे तंबोरे घडतात. त्यांची ख्याती साऱ्या देशात आहे. गायनाचार्य बाळकृष्णबुवा ज्या गावाच्या नावाने ओळखले जातात, ते इचलकरंजी आमच्याच तालुक्यातले. आणि कोल्हापूर तर गवयांचे माहेरच. अशा मुलखात राहायचे आणि आपल्याला गाता येऊ नये, याचे दुःख काही वेगळेच असते. ते मी भोगले आहे.

मी सातवीत होतो. प्रार्थनेच्या वेळी मी मोठ्या उत्साहाने गात असे. एके दिवशी प्रार्थना संपल्यावर मास्तरांनी मला बाजूला घेतले व म्हणाले, “उद्यापासून तू नुसते ओठ हलव.” ते रागावून बोलले नव्हते, पण वर्गातील मुले हसली. त्या दिवसापासून मी खरोखरच नुसते ओठ हलवू लागलो.

आमचे थोरले चुलते भजनी मंडळात वीणा घेत. त्यांना आम्ही आप्पा म्हणत असू. मी भजनाला येईनासा झालो, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी कारण विचारले, तेव्हा मी म्हणालो, “आप्पा, मला गळाच नाही.”

“आरं, गळा नाही तर बोलतोस कशानं?” आप्पा हसून म्हणाले. मग जवळ बसवून त्यांनी मला कोल्हापूरच्या खाँसाहेबांची हकीकत सांगितली. पुढे मी ती पुस्तकांतूनही वाचली.

अल्लादियाखाँ यांचा जन्म १८५५ साली राजस्थानातील उणियारा येथे झाला. त्यांचे घराणे पिढीजात गवयांचे. चुलते जहांगीरखाँ यांच्यापाशी त्यांनी धृपद व ख्याल यांचे शिक्षण घेतले. तरुणपणी त्यांचा आवाज गोड होता आणि हवा तसा वळत असे. पुढे माळव्यातील अमलेटा येथील दरबारात त्यांना दिवसामागून दिवस अतोनात गावे लागले. त्या ताणाने त्यांचा आवाज बसला. औषधोपचार झाले, बराच काळ गेला. अखेर आवाज परत आला, पण तो पूर्वीचा नव्हता. गोडवा गेला होता, लवचिकपणा गेला होता. उरला होता एक जाड, खरखरीत आवाज.

मुलांनो, गवयाच्या आयुष्यात याहून मोठे संकट कोणते? दुसरा एखादा तंबोरा खुंटीला टांगून मोकळा झाला असता. खाँसाहेबांनी निराळाच विचार केला. पूर्वीचे गाणे या गळ्याला पेलत नाही, तर या गळ्याला शोभेल असे गाणे का रचू नये? त्यांनी मोकळा आकार घेतला. लयीच्या अंगाने जाणारी, वळणावळणाची, एका स्वरातून दुसऱ्या स्वरात गुंतत जाणारी तान त्यांनी बसवली. आवाजाच्या गोडीने जे साधत नव्हते, ते त्यांनी बुद्धीने आणि मेहनतीने साधले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूरच्या दरबारी ठेवले. १९२२ साली महाराज निवर्तले. त्यानंतर खाँसाहेब मुंबईस गेले आणि १९४६ साली तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या गायकीला आज जयपूर-अत्रौली घराणे म्हणतात. गंमत अशी की, बिघडलेल्या गळ्यासाठी जन्मलेली ही गायकी गाताना भल्याभल्या धडधाकट गळ्यांना घाम फुटतो!

गोव्याच्या मोगूबाई कुर्डीकर आणि केसरबाई केरकर या खाँसाहेबांच्या शिष्या. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. त्यांच्यासोबत पृथ्वीवरील निवडक संगीताची सोनेरी तबकडी पाठवली आहे. तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. खाँसाहेबांनी घडवलेला तो आवाज आता सूर्यमालेतील सर्व ग्रहांच्या पलीकडे गेला आहे.

खाँसाहेबांना निदान आरंभी तरी चांगला गळा होता, असे कोणी म्हणेल. मग सवाई गंधर्वांचे पाहा. रामभाऊ कुंदगोळकर हे त्यांचे मूळ नाव. त्यांचा गळा जात्या जड होता, असे जाणकार सांगतात. त्यांचे गुरू अब्दुल करीमखाँ. गुरूंचा आवाज अत्यंत नाजूक व सुरेल. शिष्याचा अगदी उलट. गुरूंनी त्यांच्याकडून वर्षानुवर्षे मेहनत करवून घेतली. पुढे याच रामभाऊंपाशी भीमसेन जोशी गाणे शिकले. बाळकृष्णबुवांची अडचण आणखी निराळी होती. त्यांना दमा होता आणि त्यापायी त्यांना मुंबई सोडावी लागली. पण त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी हेच गाणे देशभर पोहोचवले.

आता माझ्याकडे वळतो. आप्पांनी मला पहिले आठ दिवस गाऊच दिले नाही. भजनापूर्वी वीणेजवळ बसायचे, डोळे मिटायचे आणि तिचा स्वर ऐकायचा, एवढेच काम. “सूर आधी कानात बसतो, मग गळ्यात,” असे ते म्हणत. मला याचा कंटाळा येई. नवव्या दिवशी त्यांनी ओठ मिटून गुणगुणायला सांगितले. ते वीणेची तार छेडत, मी तिच्याकडे आवाज नेई. कधी तो वर जाई, कधी खाली राही. मग एकदा तो असा मिळाला की, माझा आवाज मला वेगळा ऐकूच येईना. “हाच तुझा सा. ध्यानात ठेव,” आप्पा म्हणाले.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. वीणा मोठ्या माणसांच्या आवाजात लावलेली होती, शाळेतली पेटी मात्र लहान मुलांच्या उंच पट्टीत वाजे. माझा आवाज फुटू लागला होता. बारा ते पंधरा या वयात मुलाचा कंठ वाढतो, आतील स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण दोन-तीन स्वरांनीच. लहान मुलाचे स्वरतंतू एका सेकंदात अडीचशे-तीनशे वेळा कंप पावतात, तर प्रौढ पुरुषाचे शंभर-सव्वाशे वेळा. हा बदल चालू असता आवाज मध्येच चिरकतो. अशा वेळी ओरडून गाणे घातक. ज्यांना सुरांतील भेद मुळीच उमगत नाही अशी माणसे असतात, पण फारच थोडी. बाकीचे बेसूर गातात ते बहुधा स्वतःची पट्टी न सापडल्यामुळे किंवा ऐकण्याची सवय नसल्यामुळे.

पुढे वर्षभर आमचा क्रम ठरलेला होता. पहाटे उठून पाठ ताठ ठेवून बसायचे, पोटापर्यंत श्वास घ्यायचा आणि खालच्या सप्तकात एकेक स्वर दम पुरेल तोवर लावायचा. यालाच खर्ज भरणे म्हणतात. मी खालच्या स्वरांसाठी गळा दाबू लागलो की आप्पा थांबवत. घसा दुखला की त्या दिवशी सुट्टी. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, “पोराच्या पोटात दुखतंय का?” पण आप्पांनी रियाज बंद होऊ दिला नाही.

मी गवई झालो नाही. माझा आवाज आजही जाडाभरडाच आहे. पण आठवीत गेल्यावर एके सकाळी मी प्रार्थना पुन्हा गाऊ लागलो. वर्गाच्याच स्वरांत, पण एक सप्तक खाली. जेथे माझा आवाज पोहोचत नसे, तेथे मी गप्प राही. मास्तर पेटी वाजवत होते. त्यांनी क्षणभर मान वर केली, माझ्याकडे पाहिले आणि पुढची ओळ सुरू केली.