वाचनालयाच्या फळ्यावरून शिका ऑर्डरचा अंदाज

मागच्या व्हिडिओत मी म्हटलं होतं की दुकान भाड्याने घेण्याआधी तीन महिने गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा फळा वाचा. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, तिथे तर 'शांतता राखा' लिहिलेलं असतं, धंदा कसला करायचा?" म्हणून आज जरा सविस्तर.

आधी माझी फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात मी आणि माझी बहीण बटाटेवड्याचा जोडधंदा करायचो. वाचनालयाच्या फळ्यावर कोजागरीच्या कविसंमेलनाची सूचना वाचली. सभागृहात शंभर खुर्च्या, म्हणजे १२० वडे तर सहज जातील असा आमचा हिशेब. परवानगी काढली आणि दाराशी टेबल मांडलं. आले पंचावन्न लोक, त्यातले वीस तर स्वतः कवीच! शिवाय कोजागरी म्हणजे मसाला दूध वाचनालयाकडूनच. आता दुधावर वडा कोण खाणार? ३० वडे गेले. एका वड्याचा खर्च ८ रुपये, म्हणजे एकूण ९६०. विक्री १५ रुपयांनी ४५०. तोटा ५१० रुपये, आणि रात्री अकराला शेजाऱ्यापाजाऱ्यांची दारं ठोठावत वडे वाटले ते वेगळंच.

चूक कुठे झाली? खुर्च्या म्हणजे जागा, मागणी नव्हे. हे कळलं दुसऱ्या दिवशी, जेव्हा ग्रंथपालांनी कपाटातून कार्यक्रमांची वही काढून समोर ठेवली. तारीख, विषय, वक्ता, खाली उपस्थितांच्या सह्या. मी पाहिलेल्या बहुतेक वाचनालयांत अशी नोंद असतेच, कारण वर्षअखेरीच्या अहवालाला ती लागते. आदल्या वर्षी त्याच कविसंमेलनाला ५२ सह्या होत्या! दोन मिनिटं वही चाळली असती तर ५१० रुपये वाचले असते.

त्या वहीतून आणखी एक गोष्ट दिसली. शनिवारच्या बालगोष्टींना तीसेक मुलं यायची. आम्ही तो कार्यक्रम 'मुलांचा आहे, पैसे कुठून येणार' म्हणून सोडून दिला होता. पण मुलं एकटी येतात का? आई, आजी, कुणाचे आजोबा तासभर बाहेरच्या ओट्यावर बसून असतात. चहाची तल्लफ यांना. खरं गिऱ्हाईक ओट्यावर होतं आणि आम्ही सभागृहाकडे बघत होतो.

आता वर्षाचं चक्र लक्षात घ्या, कारण तारखा आधीच ठरलेल्या असतात. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. मे महिन्यात सुट्टीची शिबिरं, दिवाळीच्या सुमाराला दिवाळी अंकांची योजना. बऱ्याच गावांत उन्हाळ्यात व्याख्यानमालाही असते; पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासूनची ही परंपरा. इतकं आधीपासून ठाऊक असलेलं मागणीचं वेळापत्रक नव्या उद्योजकाला दुसरीकडे क्वचितच मिळतं.

आणि खाण्याचंच घेऊन बसू नका. (खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयची नोंदणी आधी, हे शंभर वेळा सांगून झालंय.) फलक छपाई, माईक, पाहुण्यांसाठी पुष्पगुच्छ, सगळंच लागतं. माझ्या वर्गातल्या एका ताईंनी दिवाळीआधी आकाशकंदील कार्यशाळा घेतली. त्यांचा हिशेब वहीत उतरवून घ्या. फी १५० रुपये, प्रत्येकी साहित्य ६० रुपये, म्हणजे एका मुलामागे हातात ९०. सभागृहाचं भाडं ५००. पाचशेला नव्वदने भागा, साडेपाचच्या वर येतं. म्हणजे सहावं मूल आलं की भाडं सुटलं. आली २० मुलं: १८०० वजा ५००, उरले १३००. ताई खूश. पण मी विचारलं, कागद कापायला किती वेळ गेला? दोन पूर्ण दिवस! स्वतःची मजुरी धरली तर १३०० काही फार नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी फी २०० केली, तरी मुलं तितकीच आली.

वाचनालयाशी बोलायचं कसं? ग्रंथपालांना भेटा, पण निर्णय बहुधा कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचा असतो. म्हणून तोंडी न ठेवता साधा अर्ज द्या: काय देणार, दर काय, जागा किती लागेल, कचरा कोण उचलणार. कचऱ्याचं वाक्य विसरू नका, बहुतेक वेळा परवानगी तिथेच अडते.

पैशाचं मात्र सांभाळून. समजा अल्पोपाहाराच्या ६० प्लेट, ३५ रुपयांनी, २१०० चं बिल. ते मंडळाच्या सभेत मंजूर होणार, मग धनादेश निघणार. शासनमान्य वाचनालयांचं अनुदानही हप्त्यांनी येतं, त्यामुळे कुणाच्या मनात नसतानाही उशीर होतो. तोवर कच्च्या मालाचे १२०० रुपये तुमच्या खिशातले अडकलेले. तेव्हा अर्धी रक्कम आगाऊ मागा, लाजू नका. नाहीच जमलं तर पहिली ऑर्डर छोटी घ्या.

आता गृहपाठ. येत्या महिन्यात तुमच्या वाचनालयातल्या कोणत्याही तीन कार्यक्रमांना जा. काही विकायचं नाही, फक्त मोजायचं. जाण्याआधी अंदाज लिहा, नंतर प्रत्यक्ष आलेली माणसं लिहा. किती जण वेळेआधी आले, कार्यक्रमानंतर किती जण रेंगाळले, बाहेर किती जण थांबले, तेही टिपा. आणि वर्गणी भरून सभासद व्हा बरं का, नुसते मोजायला जाऊ नका! तुमचे आकडे घेऊन पुढच्या भागात आपण दर कसा ठरवायचा ते बघू.