अपडाऊनविषयी चिरंजीवास



गडचिरोलीत नेमणूक होऊनही चिरंजीव पुतण्याने चंद्रपूरचे वडिलोपार्जित घर न सोडता रोज ये-जा करण्याचे, म्हणजे या भागातील नोकरदार ज्याला ‘अपडाऊन’ म्हणतात ते करण्याचे ठरविले आहे, आणि गेल्या पंधरवड्यात शेवटची बस चुकल्यावर तो रात्री कोणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून केसलाघाटातून आला, असे मूल गावच्या आत्याकडून कळल्यापासून काकांना झोप नाही. त्या पट्ट्यात वाघाचा वावर आहे, हे त्याला सांगावे लागू नये.

भाडे वाचते हा त्याचा हिशेब खरा असला, तरी तो अर्धाच मांडलेला आहे. सुमारे 80 किलोमीटरचे अंतर, एका बाजूचे दोन तास, दिवसाचे चार, म्हणजे पंचवीस कामाच्या दिवसांत शंभर तास रस्त्यावर जातात. आणि हे तास पगारातून कापले जात नसल्यामुळे माणसाला ते फुकट वाटतात. या मुलखात अंतर नेहमी तासांतच मोजले गेले आहे. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत दूरच्या सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी चंद्रपूर गाठावे लागे. नवजात बाळाच्या आजारात वेळच निर्णायक ठरते, म्हणून 1986 पासून गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून, म्हणजे घरी जाऊन बाळाची काळजी घेणाऱ्या प्रशिक्षित कार्यकर्त्या म्हणून, तयार केले. चिरंजीवाच्या घरात पाच महिन्यांचे लेकरू आहे, आणि दिवसभर बाप 80 किलोमीटरवर असतो.

पुन्हा तो घाट डोळ्यांसमोर येतो. अशा रात्री कोणते भाडे वाचले?

काकांनी स्वतः मूल ते चंद्रपूर अकरा वर्षे अपडाऊन केले, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. पण त्या काळात मुलगी झोपेत असतानाच ते निघत व ती झोपल्यावर परतत, आणि उन्हाळ्यात ती खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात पिकलेली टेंभरे, म्हणजे तेंदूची फळे, ठेवून देई, ती सकाळी बसमध्ये हाताला चिकट लागत, हे त्यांनी आजवर कोणाला सांगितले नव्हते. सदऱ्यावर पडणाऱ्या त्यांच्या डागांवरून चिरंजीवाच्या काकूंना त्यांनी बोलही लावले. मुलगी आता पुण्यात असते.

वरचे शब्द कठोर झाले असल्यास चिरंजीवाने मनाला लावून घेऊ नये. काटकसर त्याच्या वडिलांचीच शिकवण आहे आणि तिचा काकांना अभिमान आहे. कार्यालयापासून पायी जाता येईल अशी खोली त्याने पाहावी, घरभाडे भत्ता पुरला नाही तर पहिल्या वर्षी उरलेली रक्कम काका देतील, आणि सामान हलविण्याच्या दिवशी ते स्वतः येतील. काकूंनी जवसाची चटणी करून ठेवली आहे. तोपर्यंत शेवटची बस चुकली, तर रात्री निघू नये. गडचिरोलीतच थांबावे आणि किती का उशीर होईना, एक फोन करावा, काका जागेच असतील.