बाळंतपणाच्या तीन अवस्था : नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी

आपल्या बदलापूरहून लोकलने चौथे स्टेशन कल्याण. त्याच कल्याणात १८६५ साली आनंदीबाई जोशी यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि दहा दिवसांत ते गेले. पुढे १८८६ साली त्या अमेरिकेत एम. डी. झाल्या, तेव्हा प्रबंधासाठी त्यांनी विषय घेतला तो प्रसूतिशास्त्राचाच. आज आपल्या वस्तीतील मुली नर्सिंगला जाऊ लागल्या आहेत. त्यांना हा विषय इंग्रजीतून पाठ करावा लागतो, म्हणून तो येथे मराठीत मांडला आहे.

गर्भाशय एरवी मुठीएवढे, सुमारे ६० ग्रॅम वजनाचे असते. दिवस भरताना तेच जवळजवळ एक किलोचे होते. वर जाड स्नायू, खाली अरुंद मुख. आत पाणमोट व बाळ, भिंतीला चिकटलेली वार आणि वारेपासून बाळापर्यंत नाळ. एवढे चित्र स्वतःच्या हाताने वहीत काढावे. निम्मा पाठ तिथेच होतो.

पहिली अवस्था खऱ्या कळांपासून मुख पूर्ण म्हणजे १० सेंटिमीटर उघडेपर्यंतची. खोट्या कळा अनियमित असतात व विसाव्याने थांबतात. खऱ्या कळा वाढत जातात आणि मुख उघडते. मुख तासाला १ सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, हा जुन्या पुस्तकांतील हिशेब सर्वांना लागू नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितले. ५ सेंटिमीटरनंतरही पहिलटकरणीला १२ तासांपर्यंत लागू शकतात. तेव्हा बाईवर ओरडून काही होत नाही. मुख उघडण्याआधी 'जोर कर' म्हणणे तर चूकच. त्याने ती उगाच थकते.

दुसरी अवस्था बाळ बाहेर येईपर्यंतची. कमरेच्या हाडांची वाट वरच्या तोंडाशी आडवी रुंद, तर खालच्या तोंडाशी पुढून मागे रुंद असते. म्हणून बाळ हनुवटी छातीला टेकवून सहसा आडव्या डोक्याने शिरते आणि उतरता उतरता वळते.

बाळ रडले की बाहेर पेढ्यांची गडबड सुरू होते. परिचारिकेने मात्र खरे सावध व्हायचे ते आताच, कारण तिसरी अवस्था, म्हणजे वार पडणे, अजून बाकी असते. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त जाते. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्यांना बांधायला दोरा नसतो. एकमेकांत गुंतलेले स्नायूंचे तंतू आवळतात तेव्हाच त्या दाबल्या जातात. गर्भाशय सैल राहिले तर धडधाकट बाईसुद्धा थोड्या वेळात हातची जाते. त्यासाठीच बाळ जन्मताच ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन देतात.

नाळ लांबते, रक्ताचा एक झोत येतो, गर्भाशय गोल व टणक होते, या वार सुटल्याच्या खुणा. घाईने नाळ खेचल्यास गर्भाशय उलटू शकते. ते काम शिकलेल्या हाताचे. वार सहसा ३० मिनिटांत पडते. ती पसरून पूर्ण आहे का पाहावी, कारण तुकडा आत राहिला तर रक्त थांबत नाही.

नंतरचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवून गर्भाशय टणक आहे ना, हे पाहावे. मऊ लागले तर चोळावे व लगेच डॉक्टरांना बोलवावे. लघवी तुंबली असली तरी ते नीट आकसत नाही, म्हणून बाईला लघवी झाली का, हे आठवणीने विचारावे.